न बोललेले दुखणे

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात होऊन गेलेला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इराणच्या एका राणीची हकीकत नोंदवून ठेवली आहे. सम्राट दारयस याची पत्नी अटोसा हिच्या स्तनावर गाठ आली. गाठ लहान होती तोवर लाजेस्तव तिने ती कोणालाही दाखविली नाही. पुढे ती फुटून पसरू लागली, तेव्हा कोठे डेमोसिडीझ नावाच्या ग्रीक वैद्याला तिने बोलावणे धाडले. त्या वैद्याने तिला बरे केले, असे हिरोडोटस सांगतो. ती गाठ कर्करोगाचीच होती की काय, हे आज कोणी खात्रीने सांगू शकणार नाही. परंतु त्या हकीकतीतील एक गोष्ट मात्र निःसंशय खरी वाटते, आणि ती म्हणजे राणीचे मौन. एका विशाल साम्राज्याची स्वामिनी असलेली स्त्रीसुद्धा हे दुखणे अंगावर काढीत राहिली.

अडीच हजार वर्षांत वैद्यक कोठल्या कोठे गेले. हे मौन मात्र फारसे हललेले नाही. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात जगातील सुमारे २३ लाख स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्यांपैकी भारतातील स्त्रिया सुमारे १ लाख ९२ हजार होत्या. आणि त्याच वर्षी या रोगाने भारतात सुमारे ९८ हजार स्त्रिया दगावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आज हाच आहे. वेळेवर सापडल्यास बहुतांशी आटोक्यात येणारा हा रोग आपल्याकडे इतके बळी घेतो, याचे एक मोठे कारण उशीर हे होय. गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून ती सांगितली जात नाही. आणि सांगायची तरी कोणाला व कोणत्या शब्दांत? पोटात कळ येते, गुडघा धरला आहे, हे चारचौघांत सांगता येते. या अवयवाचे नाव मात्र घरातल्या घरातही उच्चारले जात नाही. ‘छातीशी काहीतरी लागते आहे’ एवढे पुटपुटून विषय संपतो, आणि दिवाळी होऊ दे, मुलाची परीक्षा होऊ दे, असे म्हणता म्हणता वर्ष निघून जाते.

हे मौन मोडल्याने किती फरक पडतो, याचा एक पुरावा मुंबईतच मिळाला आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९८ साली मुंबईच्या गरीब वस्त्यांतून एक दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यात ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. त्यांपैकी निम्म्यांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केली. उरलेल्या निम्म्यांना रोगाची माहिती देण्यात आली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या स्त्रियांमध्ये रोग अलीकडच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंत अशी घट दिसली नाही. येथे कोणतेही महागडे यंत्र नव्हते. होता तो एक शिकलेला हात, आणि वस्तीत येणारी, जिच्यापाशी तोंड उघडता येईल अशी एक स्त्री.

परंतु मौन हे केवळ रोगी स्त्रीचेच असते, असे समजणे अन्यायाचे होईल. वैद्यकानेही ते दीर्घकाळ पाळले. १९६१ साली शिकागो येथील दोनशेहून अधिक डॉक्टरांची मते घेण्यात आली, तेव्हा कर्करोगाचे निदान रोग्याला सांगू नये, याकडे ९० टक्के डॉक्टरांचा कल होता. रोगी खचेल, त्याची आशा मावळेल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. तेच प्रश्न १९७९ साली पुन्हा विचारले गेले तेव्हा पारडे पूर्ण फिरले होते. ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे होते. अठरा वर्षांच्या आत एका व्यवसायाने आपले मत असे उलटे केले, याला कारणे पुष्कळ होती. उपचार सुधारले, कायदा बदलला. आणि रोग्यांनीही ‘आमच्या शरीराविषयी आम्हांला सांगा’ असे म्हणण्यास आरंभ केला.

या म्हणण्याचा परिणाम शस्त्रक्रियेच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बाल्टिमोर येथील विल्यम हॉल्स्टेड या नामांकित शल्यविशारदाने स्तनाबरोबरच छातीचे स्नायू व काखेतील गाठी यांसह सर्व भाग काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. रोग मुळापासून बाहेरच्या बाहेर पसरत जातो. तेव्हा जितके अधिक कापावे तितकी सुरक्षितता अधिक, हा तिच्यामागील विचार. या पद्धतीने असंख्य स्त्रियांचे प्राण वाचविले. परंतु छातीला खोलगट खड्डा पडलेला आणि हात सुजलेला, अशी अवस्था जन्मभर मागे ठेविली. त्यात भर म्हणजे, गाठीचा नमुना तपासणे आणि स्तन काढणे ही दोन्ही कामे पुष्कळदा एकाच भुलीत उरकली जात. आपण शुद्धीवर येऊ तेव्हा आपले शरीर कसे असेल, हे त्या स्त्रीला भूल घेताना ठाऊक नसे.

रोझ कुश्नर या अमेरिकन पत्रकार स्त्रीला १९७४ साली हाच रोग झाला, तेव्हा तिने अशी आंधळी संमती देण्यास नकार दिला. प्रथम तपासणी करा, मला सांगा, मग पुढचे ठरवू, असा तिचा आग्रह होता. पुढे १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलाविलेल्या तज्ज्ञमंडळात तिला स्थान मिळाले, आणि तपासणी व शस्त्रक्रिया हे दोन टप्पे वेगळे ठेवावेत, अशी शिफारस त्या मंडळाने केली. इकडे इटलीत मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९८१ साली, आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९८५ साली, पद्धतशीर चाचण्यांच्या आधारे दाखवून दिले की, रोग लवकर सापडला असल्यास केवळ गाठ व तिच्या भोवतालचा भाग काढून किरणोपचार दिले, तरी संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतकेच आयुष्य लाभते. २००२ साली दोन्ही चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेही तेच सांगत होते. अर्थात आजही अनेक प्रसंगी संपूर्ण स्तन काढणे आवश्यक असते. फरक इतकाच की आता तो निर्णय स्त्रीशी बोलून घेतला जातो, निदान घेतला जावा अशी अपेक्षा असते.

आपल्याकडे ही अपेक्षा अजून सर्वत्र पुरी होत नाही. अहवाल पुष्कळदा नवऱ्याच्या किंवा थोरल्या मुलाच्या हाती पडतो. डॉक्टरांच्या खोलीबाहेर कुजबुज होते, आणि ‘तिला काही बोलू नका’ असे ठरते. ठरविणाऱ्यांचा हेतू मायेचाच असतो. परंतु ज्या रुग्णालयाच्या दारावरच कर्करोगाचे नाव लिहिलेले असते, तेथे नेऊन बसविलेल्या स्त्रीपासून काय लपणार? ती जाणते, आपल्याला कळले आहे हे घरच्यांना कळू नये म्हणून तीही बोलत नाही. अशा रीतीने एकाच छपराखाली सगळी माणसे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवीत राहतात, आणि जिला आधाराची सर्वाधिक गरज असते तीच सर्वांत एकटी पडते. घरात लग्नाची मुलगी असली की हे लपविणे अधिकच कडेकोट होते. रोग आनुवंशिक म्हणून स्थळे परत जातील, हे भय. वस्तुतः या रोगाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे पाच ते दहा जणींमध्येच तो आनुवंशिक दोषामुळे झालेला असतो. आणि जेथे तसा संभव असतो, तेथे तर मुलीला वेळीच सांगणे हेच तिच्या हिताचे असते.

यानंतर प्रत्यक्ष उपचार सुरू होतो. तो एका दिवसाचा नसतो. शस्त्रक्रिया; तिच्या आधी किंवा नंतर बहुधा दर दोन-तीन आठवड्यांनी शिरेतून दिली जाणारी औषधे, म्हणजेच केमोथेरपी, तीही कित्येक महिने; मग तीन ते पाच आठवडे किरणोपचार; आणि पुष्कळजणींना त्यानंतर पाच ते दहा वर्षे रोज एक गोळी. प्रत्येकीला हे सर्वच लागते असे नाही; परंतु जिला लागते तिचे वर्ष रुग्णालयाच्या तारखांनी भरून जाते. मळमळ आवरणारी उत्तम औषधे आज उपलब्ध आहेत. तरीही फोडणीचा वास सहन होत नाही, तोंडाची चव जाते, जिभेवर फोड येतात. झोपूनही न जाणारा असा एक थकवा येतो. काय आणायला स्वयंपाकघरात आलो होतो, तेच आठवत नाही. जन्मभर घर चालविलेल्या बाईला आपल्या हातून घर सुटते आहे असे वाटू लागते, आणि या वाटण्याचा त्रास सुईच्या टोचण्याहून मोठा असतो.

या सर्वांत केस जाणे हे वैद्यकाच्या दृष्टीने सर्वांत किरकोळ. कारण ते पुन्हा येतात. पहिल्या औषधानंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर, न्हाणीघरात, फणीत पुंजके दिसू लागतात. मराठी घरात या गोष्टीला आणखी एक काळी छाया आहे. विधवेच्या केशवपनाची रूढी आता इतिहासजमा झाली आहे. परंतु स्त्रीच्या बोडक्या मस्तकाशी जोडलेला अशुभाचा अर्थ मनांतून अजून पुरता गेलेला नाही. म्हणूनच कपाळी कुंकू असलेली, नवरा शेजारी बसलेला असतानाही, आरशासमोर उभी राहिलेली स्त्री दचकते, आणि वृद्ध सासू दुसरीकडे पाहू लागते. हळदीकुंकवाचे बोलावणे येते, पण ती जात नाही. पुढे बोलावणेही येईनासे होते. डॉक्टर म्हणतात, केस येतील. ते खरेच असते. पण तिचे रडणे केवळ केसांसाठी नसते, हे ओळखणारे कोणी जवळ असावे लागते.

तीच गोष्ट गमावलेल्या अवयवाची. ‘आता या वयात त्याचे काय?’ हा प्रश्न समजूत घालण्यासाठी विचारला जातो. परंतु त्यात तिच्या दुःखालाच खोटे ठरविलेले असते. ज्या अवयवाने तिने मुले वाढविली, ज्याच्याशी तिचे स्त्रीत्व आणि पतीशी असलेले निकटचे नाते गुंतलेले आहे, तो गेल्याचा शोक तिने का करू नये? पतीही पुष्कळदा दूर राहतो. तिला दुखेल म्हणून, काय बोलावे सुचत नाही म्हणून. त्या दूर राहण्याचा अर्थ ती मात्र वेगळा लावते. येथे एखादे साधे वाक्य पुरेसे असते. आणि ते न बोलल्यामुळे किती संसार थंडावले असतील, याची मोजदाद कोणत्याही रुग्णालयाच्या दप्तरी नाही.

आता अलीकडे मौनाच्या जागी एक नवेच बंधन आले आहे. ते म्हणजे सदैव हसतमुख राहण्याचे. ‘धीर सोडू नकोस’, ‘मन खंबीर ठेव, रोग पळून जाईल’, ‘तू झुंजार आहेस’, असे भेटायला येणारा प्रत्येकजण सांगून जातो. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध कर्करोग रुग्णालयात १९७७ पासून रोग्यांच्या मानसिक उपचारांची शाखा उभारणाऱ्या डॉ. जिमी हॉलंड यांनी या आग्रहाला एक प्रकारची जुलूमशाहीच म्हटले आहे. कारण त्याचा दुसरा अर्थ असा होतो की, जिचा रोग उलटला ती मनाने कमी पडली. हे शास्त्राला धरून नाही, आणि न्यायालाही धरून नाही. पेशींची वाढ मनाच्या खंबीरपणाला विचारून होत नसते. रडणाऱ्या स्त्रियाही बऱ्या होतात, आणि हसतमुख स्त्रियाही दगावतात.

मग मन मोकळे करून काय साधते, असा प्रश्न कोणी विचारील. याचे उत्तर शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न झालेला आहे, आणि तो जाणून घेण्याजोगा आहे. अमेरिकेतील डॉ. डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. रोग शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्या दर आठवड्यास एकत्र बसून आपले भय व दुःख बोलत, त्या इतरांच्या जवळजवळ दुप्पट काळ जगल्या, असे त्यांना आढळले. जगभर या वार्तेने आशा उत्पन्न केली. परंतु कॅनडात याहून मोठ्या प्रमाणावर तोच प्रयोग झाला आणि २००१ साली त्याचे उत्तर आले: आयुष्य वाढत नाही. मात्र त्याच प्रयोगात असे दिसले की, बोलणाऱ्या स्त्रियांचे मन हलके झाले आणि त्यांना वेदना कमी जाणवल्या. आणि ज्या आरंभी अधिक खचलेल्या होत्या, त्यांना हा लाभ अधिक झाला. थोडक्यात, मन मोकळे करणे हे कर्करोगाचे औषध नव्हे. ते कर्करोग झालेल्या माणसाचे औषध आहे. हा भेद लक्षात ठेवला, तर खोटी आशाही लावली जाणार नाही आणि खरा आधारही नाकारला जाणार नाही.

असा आधार देण्यास तीच वाट चाललेली स्त्री सर्वांत समर्थ असते. न्यूयॉर्कच्या टेरीझ लासर यांनी १९५२ साली स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर इतर रुग्ण स्त्रियांना भेटण्याचा परिपाठ सुरू केला. हात हळूहळू भिंतीवर वर कसा न्यावा, कपडे कसे शिवावेत, नवऱ्याशी काय बोलावे, हे त्या सांगत. आरंभी अनेक शल्यविशारदांना ही लुडबूड वाटली. परंतु १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हा उपक्रम आपलासा केला. काखेतील गाठी काढल्यावर हात सुजून बांगड्या रुतू लागतात, तेव्हा काय करावे, हे डॉक्टर सांगतातच. परंतु स्वतःच्या बांगड्या उतरवून ठेवलेली बाई ते सांगते, तेव्हा ते वेगळ्या रीतीने ऐकले जाते.

आपल्या देशात मनाच्या या भारात पैशाचा आणि अंतराचा भारही मिसळलेला असतो. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेव्हापासून आसाम, बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश येथून माणसे तेथे येत आली आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत यांतील कित्येक कुटुंबांना आसरा मिळतो. परक्या भाषेच्या शहरात, गावी लहान मुले ठेवून आलेली स्त्री रोगाइतकीच खर्चाला भिते. आपल्या औषधांत मुलांचे शिक्षण जाते आहे, या विचाराने उपचार मध्येच सोडून परतते. म्हणून काही गोष्टी माहीत असणे हाही धीराचाच भाग होय. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोग्याला आणि त्याच्या एका सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय आहे. २०१२ पासून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जालामुळे देशभरातील रुग्णालये परस्परांशी जोडली जात आहेत. घराजवळच योग्य उपचार मिळावा, हा त्यामागील उद्देश. ही माहिती शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कोणी वेळेवर दिली, तर ते फळांच्या करंडीहून मोठे भेटणे ठरेल.

आणि शेवटी उपचार संपतात. घरात पेढे वाटले जातात. ‘सुटलीस एकदाची’ असे सारे म्हणतात. नेमक्या याच वेळी पुष्कळ स्त्रिया खचतात, हे बाहेरच्यांना उमगत नाही. वर्षभर तारखा होत्या, परिचारिका होत्या, विचारपूस होती. आता सगळे आपापल्या कामाला लागले आणि ती आपल्या भयासह एकटी राहिली. पाठ दुखली की शंका, खोकला आला की शंका. पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. इंग्रज लेखिका फॅनी बर्नी हिच्या स्तनावर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिस येथे, भुलीचा शोध लागण्यापूर्वीच्या त्या काळात, शस्त्रक्रिया झाली. ती त्यातून वाचली आणि १८४० पर्यंत जगली. परंतु आपल्या बहिणीला ती हकीकत कळविणारे पत्र तिने लिहावयास घेतले ते सुमारे सहा महिन्यांनी, आणि ते पुरे होण्यास आणखी काही महिने लागले. लिहिलेले पुन्हा वाचून पाहण्याचे धैर्य तिला झाले नाही. जखम भरून आल्यावरही स्मृती किती काळ ओली राहते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

म्हणून या रोगातून जाणाऱ्या स्त्रीच्या आप्तांचे काम रुग्णालयाचे बिल चुकते केल्याने संपत नाही. तिने रोगाविषयी बोलायचे ठरविले, तर ‘ते विषय नकोत’ म्हणून तिला थांबवू नये. आणि तिने बोलायचे नाही असे ठरविले, तर तिच्या तोंडून ते काढूही नये. उपदेशाऐवजी विचारणा करावी. ‘घाबरू नकोस’ या शब्दांनी बोलणे तेथेच संपते. ‘कशाची भीती वाटते?’ या शब्दांनी ते सुरू होते. दिवसेंदिवस अन्न गोड लागत नाही, झोप नाही, जगण्यातच राम वाटत नाही, असे झाले तर त्याला हळवेपणा न समजता डॉक्टरांच्या कानांवर घालावे. मनाच्या या आजारावरही आज चांगले उपचार आहेत. आणि हे सर्व वर्षभरापुरते नव्हे, तर केस परत आल्यावर, ती पूर्ववत हिंडूफिरू लागल्यावर, सारे काही झाले गेले असे इतरांना वाटू लागल्यावरही करावे. शस्त्र चालविणे आणि औषधांचे प्रमाण ठरविणे ही तज्ज्ञांची कामे आहेत, ती त्यांनीच करावीत. तिच्याजवळ बसून तिचे ऐकणे हे काम मात्र कोणत्याही तज्ज्ञावर सोपविता येत नाही. ते घरच्यांनीच करावयाचे असते.